नवापूर ते दिल्ली : माणिकरावांचा काळ

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नंदुरबारचे माजी खासदार माणिकराव गावित गेले. त्यानंतर नंदुरबारच्या राजकारणात ज्या कोलांटउड्या पाहिल्या, त्या पाहून जीव विटला. काँग्रेसचे माजी मंत्री पद्माकर वळवी भाजपमध्ये गेले. डॉ. हीना गावित २०२४ मध्ये लोकसभेला भाजपच्या उमेदवार होत्या, तर त्याच वर्षी विधानसभेला अक्कलकुव्यात अपक्ष. खुद्द माणिकरावांचे चिरंजीव भरत गावित नवापुरात २०१९ ला कमळावर लढले आणि २०२४ ला घड्याळावर. एका पक्षात, एका मतदारसंघात आयुष्य काढलेल्या माणसाची आठवण अशा वेळी होणारच.

त्यांची सुरुवातीची वर्षे त्या काळच्या कुठल्याही काँग्रेस कार्यकर्त्यासारखी गेली. साठच्या दशकात ग्रामपंचायत, मग धुळे जिल्हा परिषद. १९८० मध्ये ते नवापूरचे आमदार झाले. वर्षभरातच नंदुरबारचे तेव्हाचे खासदार सुरूपसिंग नाईक राज्याच्या राजकारणात परतले आणि पोटनिवडणुकीतून माणिकराव लोकसभेत गेले. तिथून सलग नऊ विजय. १९८९ ला देशात काँग्रेस हरली तरी नंदुरबार हलले नाही. १९९९ ला शरद पवारांनी वेगळी चूल मांडली तरी माणिकराव जागचे हलले नाहीत.

मला बोलायचे आहे ते २००४ ते २०१४ या दहा वर्षांबद्दल. शिवराज पाटील गृहमंत्री आणि माणिकराव गृह राज्यमंत्री झाले, तेव्हा आमच्या पाड्यापाड्यांत ढोल वाजले. ज्या जिल्ह्यातला माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरतो, तिथला आदिवासी देशाच्या गृहखात्यात बसला होता. २००९ मध्ये ते लोकसभेचे हंगामी अध्यक्ष झाले आणि देशभरातून निवडून आलेले खासदार या नवापूरकरासमोर शपथ घेताना आम्ही टीव्हीवर पाहिले. मुंबई-पुण्यातली मंडळी त्यांना ‘न बोलणारा खासदार’ म्हणून हिणवत. त्यांच्या दारात बसलेली माणसे यांनी कधी पाहिली नव्हती. तिथे चिठ्ठी लागत नसे, ओळख लागत नसे आणि आपल्या बोलीत गाऱ्हाणे मांडता येई. या साधेपणाला अडाणीपणा समजणाऱ्यांचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडला पाहिजे. २००६ मध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ वरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली. अक्राणी आणि अक्कलकुव्यातली नर्मदाकाठची गावे याच मतदारसंघातली. त्यांचा खासदार केंद्रात मंत्री होता, तरीही त्यांचा आक्रोश दिल्लीत हवा तसा घुमला नाही. त्याच वर्षी वनहक्क कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा पट्टा मिळेल, ही आशा त्याने दिली. पण मंजुरीसाठी माणसे वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली. २९ सप्टेंबर २०१० ला मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक तिथे दिले गेले. मोठा मान होता तो. पण दिवाळी सरली की कोयता घेऊन गुजरातच्या उसात जाणारी कुटुंबे त्यानंतरही जातच राहिली. २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात नंदुरबार सर्वांत तळाला होता.

याचा सगळा दोष एका माणसावर टाकणे अन्यायाचे होईल. नंदुरबार आपलेच आहे, ते कुठे जाते, असे समजून काँग्रेसने या जिल्ह्याला गृहीत धरले. २०१३ मध्ये माणिकरावांकडे सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्रिपद आले ते निवडणुकीला वर्ष उरले असताना. २०१४ मध्ये २६ वर्षांच्या हीना गावित यांनी त्यांना लाखाहून अधिक मतांनी हरवले. २०१९ मध्ये काँग्रेसने उमेदवारी माणिकरावांच्या घरात न देता के. सी. पाडवी यांना दिली. घराणेशाहीचा मी समर्थक नाही, पण पाडवींच्या घरातच पुढचे तिकीट गेले, तेव्हा तो नियम कुठे होता?

२०२४ मध्ये नंदुरबारने पुन्हा काँग्रेसला, के. सी. पाडवी यांचे पुत्र गोवाल पाडवी यांना, निवडून दिले. नव्या खासदारांना आणि त्यांच्या मतदारांना माझे एवढेच सांगणे आहे. माणिकरावांचे उघडे दार ठेवा, त्यांची निष्ठा ठेवा. त्यांचे मौन मात्र ठेवू नका. आणि आपण मतदारांनी नऊ वेळा जे केले नाही ते आता करावे : मत दिल्यानंतर दरवर्षी वनपट्ट्यांचा, पुनर्वसनाचा आणि स्थलांतराचा हिशेब मागावा.