बाळाचे दात आणि डॉक्टरांची पहिली भेट



असीरगडच्या आसपास राहणाऱ्या आपल्या घरांत लहान मुलांना दोन भीती घातल्या जातात. एक किल्ल्यावरच्या अश्वत्थाम्याची, जो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात. दुसरी, "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील." पहिलीने फारसे बिघडत नाही. दुसरीने बिघडते, कारण डॉक्टरांकडे मुलाला खरोखरच न्यायचे असते.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. तो आल्यावर सहा महिन्यांच्या आत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत दात दाखवून आणावेत, असे बालदंततज्ज्ञ सांगतात. आपण नेतो ते चौथ्या-पाचव्या वर्षी, गाल सुजून मूल रात्रभर रडल्यावर. मग पहिल्याच भेटीत सुई आणि दुखणे. बँकेतल्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर, आधी खाते उघडायला जावे. एकदम थकबाकीच्या नोटिशीवर जाऊ नये.

"दुधाचे दात, पडायचेच आहेत," असे आजी-आजोबा म्हणतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्यांच्यावर मूल जेवते आणि त्या पुढच्या दातांची जागा धरून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे एक कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. दुधाची समजून ती किडू दिली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

पहिल्या भेटीत बहुधा फार काही होत नाही. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळाचे पाय आईकडे आणि डोके डॉक्टरांच्या मांडीवर. दोन-चार मिनिटांत दात मोजले जातात, हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे आहेत का ते पाहिले जाते. ती किडीची सुरुवात असते आणि तेव्हाच लक्ष दिले तर ती थांबवता येते. बाळ रडेल. रडू द्या, तोंड आपोआप उघडते!

थोड्या मोठ्या मुलाची तयारी घरीच करता येते. चार दिवस आधीपासून टॉर्च घेऊन त्याचे दात मोजा, मग त्याला तुमचे मोजू द्या. "अजिबात दुखणार नाही" असे म्हणू नका. मूल त्यातले "दुखणार" एवढेच ऐकते. "डॉक्टर दात मोजतील" इतके पुरे. चॉकलेटचे आमिष तर नकोच, आणि येताना बुऱ्हाणपूरची मावा जलेबीही नको. आपली मुले शाळेत जाईपर्यंत घरात मराठीच ऐकतात आणि डॉक्टर बहुधा हिंदीत बोलतील, म्हणून "मुँह खोलो" हे शब्द खेळता खेळता कानावर घालून ठेवा.

असीरगडहून बुऱ्हाणपूर वीसेक किलोमीटर. सकाळची वेळ घ्या, झोप झालेली असावी, पोट गच्च भरलेले नसावे. लसीकरणाचे कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. हृदयाचा काही दोष असेल तर तो आधीच सांगा. सोबत एक-दोघेच जा. आत्या, मावशी, आजोबा अशी वरात गेली की मूल ओळखते, काहीतरी भयंकर आहे!

डॉक्टर घरच्या सवयी विचारतील, तेव्हा खरे सांगा. रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपण्याने पुढचे दात लवकर किडतात. हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळाला मशेरी लावणाऱ्या आज्या अजून आहेत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, ती बाळाच्या तोंडात कधीच जाऊ नये. पहिल्या दातापासून दिवसातून दोनदा, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून मोठ्यांनीच दात घासावेत. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी चालते. रात्री घासल्यावर फक्त पाणी.

सूज आणि ताप असेल तर मात्र या सगळ्या तयारीत वेळ घालवू नका, त्याच दिवशी निघा. एरवी निघताना पुढची तारीख विचारून लसीकरणाच्या कार्डामागे लिहून ठेवा, म्हणजे ती शोधावी लागत नाही.