स्पंदनशील कर्णनाद : उगम, तपास आणि सहवास

कर्णनाद ही व्याधी भारतीय वैद्यकास नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 28 कर्णरोग सांगितले असून त्यांत तिचा अंतर्भाव आहे. तथापि सर्व कर्णनाद एकाच जातीचे नव्हेत. नेहमीच्या प्रकारात बाह्य ध्वनी नसताना शिट्टी वा गुंजारव भासतो. त्याचे नाते बहुधा श्रवणशक्तीच्या ऱ्हासाशी असते. स्पंदनशील कर्णनाद मात्र हृदयाच्या ठोक्याबरोबर उमटतो. मनगटाच्या नाडीशी त्याचा ताल जुळला, की हा भेद ध्यानी येतो.

हा नाद पुष्कळदा भास नसून शरीरातच उत्पन्न झालेला खरा ध्वनी असतो. कानालगतच्या रोहिणीतून वा नीलेतून रक्त खळाळत वाहिले, की त्याची कंपने आंतरकर्णापर्यंत पोचतात. क्वचित स्टेथोस्कोप लावून वैद्यासही तो ऐकता येतो. रुग्णास 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठविणे म्हणूनच अनुचित होय. मानेतील अरुंद झालेली रोहिणी, कवटीतील वाढलेला दाब, रोहिणी व नीला यांचा अनैसर्गिक जोड अथवा मध्यकर्णातील रक्तवाहिन्यांची गाठ, ही त्यामागील काही कारणे होत.

शहादा परिसरात पांडुरोगाचा विचार विशेषत्वाने करावयास हवा. हिमोग्लोबिन घटले असता रक्ताचा दाटपणा कमी होतो, हृदयास ते अधिक वेगाने फिरवावे लागते आणि मानेतील नीलेत गुंजन निर्माण होऊ शकते. 1998 साली धुळ्यापासून विभक्त झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याचा आकार धारण करून अकाली नष्ट होतात. लोहाच्या अभावाने होणारा पांडुरोग याहून निराळा. त्यात लोहाच्या गोळ्यांनी पांडुरोगाबरोबर नादही ओसरू शकतो; सिकल सेलमध्ये मात्र शरीरातील लोहसाठा न तपासता त्या देणे अहितकारक ठरू शकते. साध्या रक्ततपासणीचे मोल येथे याकरिताच मोठे आहे.

नाद एकाच कानात नव्याने सुरू झाला असेल, अथवा त्यासोबत तीव्र डोकेदुखी वा दृष्टिदोष असेल, तर तपासास विलंब करू नये. धोक्याचे कारण न आढळल्यास सहवासाचा प्रश्न उरतो. निःशब्द रात्री नाद अधिक जाणवतो. अशा वेळी पंख्याचा मंद आवाज किंवा किंचित उंच उशी उपयोगी पडते. भीती ओसरली, की अवधानही हळूहळू त्यावरून ढळते. मात्र ही भीती तपासाअंतीच ओसरावी, तपासाऐवजी नव्हे.