एक चाक फिरतंय, दुसरं बघतंय!

'डिफ लॉक' म्हणजे फक्त ऑफ-रोडिंगवाल्यांचे चोचले? आर्णीच्या काळ्या मातीत एकदा विचारून बघा. पिकअपला हे लॉक बसवण्याआधी काय काय तपासायचं, त्याचा हा लेखाजोखा.

तुमच्या ऑफिसात असा एक तरी हिरो असतोच. वीकएंडला थार चिखलात घालायची आणि सोमवारी कॉफी मशिनपाशी सगळ्यांना फोटो दाखवायचे. त्याच्या तोंडून 'डिफ लॉक' हा शब्द तुम्ही ऐकला असेल आणि सोडूनही दिला असेल. मीही दिला होता. पण गेल्या पावसाळ्यात हाच शब्द थेट आर्णीहून, दादाच्या फोनवरून आला. "गाडी पुन्हा फसली. एक चाक नुसतं गरगर फिरते अन् दुसरं पायत रायते. ते लॉक बसवाव म्हणतो मी. तू पाय बरं नेटवर."

आर्णी म्हणजे आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. अरुणावती नदी, कापूस, सोयाबीन, तूर. नागपूर-तुळजापूर महामार्ग आर्णीवरूनच जातो, त्यामुळे तिथवर गाडी सुसाट. खरी परीक्षा महामार्ग सोडून पांदण रस्त्याला लागलं की सुरू होते. दादाची पिकअप घरचा माल नेते आणि शेजारपाजारच्यांचं भाडंही मारते. ती चिखलात बसली की ओढायला ट्रॅक्टर बोलवा, त्याचे पैसे द्या, बाजाराची वेळ चुकवा. दोनदा असं झालं की भाडं देणारा तिसऱ्यांदा दुसऱ्याला फोन करतो. म्हणजे आपल्यासाठी जे थ्रिल, ते त्याच्यासाठी पोटापाण्याचं गणित!

काळ्या मातीचा हिसका

कापसाची ही काळी माती दिसायला देखणी, पण नखरे फार. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पाडतं. पावसात ही माती टायरच्या खाचांमध्ये गच्च बसते आणि चांगलं नक्षीदार टायर गुळगुळीत होऊन जातं. त्यात पिकअपच्या मागचे पाटे भरलेल्या मालाच्या हिशेबाने कडक ठेवलेले. गाडी रिकामी असली की मागची बाजू हलकी, आणि ढकलणारी चाकं नेमकी मागचीच!

डिफरेन्शियल करतं तरी काय?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट असती तर प्रत्येक वळणावर टायर घासले असते. म्हणून मागच्या ॲक्सलच्या मधोमध, त्या गोल फुगवट्यात, डिफरेन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं.

गोची अशी, की साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात अधांतरी असेल तर ते फिरवायला जोर लागतोच किती? अगदी थोडा. मग कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच थोडा मिळतो, आणि तेवढ्यावर गाडी हलत नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबत राहा, खड्डा खोल होत राहील. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. ज्याला पकड आहे, ते गाडी बाहेर काढतं.

गंमत म्हणजे आर्णीत हे काही नवीन नाही. शेतातल्या ट्रॅक्टरला पायाशी एक छोटं पेडल असतं. चाक फिरायला लागलं की ते दाबायचं. तेच डिफरेन्शियल लॉक! मालवाहू पिकअपला मात्र ते सहसा मिळत नाही. दादाचा प्रश्न चोख होता, "ट्रॅक्टरले हाय, मंग हिले काऊन नाही?"

कोणतं लॉक?

पहिला प्रकार लिमिटेड स्लिप. यात पूर्ण लॉक नसतं, क्लच प्लेट्स किंवा गिअर घसरणाऱ्या चाकाला थोडा आवर घालतात. याचं मूळ रेसिंगमध्ये आहे. १९३५ मध्ये फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या रेसकारसाठी झेडएफ कंपनीकडून असं डिफरेन्शियल बनवून घेतलं होतं. घट्ट चिखलात त्याचा उपयोग मर्यादितच.

दुसरा ऑटोमॅटिक. महिंद्राने थारमध्ये ईटन कंपनीचं असं मेकॅनिकल लॉक दिलं आणि २०२१ मध्ये आलेल्या बोलेरो निओच्या वरच्या व्हेरियंटलाही. दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की ते आपोआप अडकतं. बटण नाही, कटकट नाही.

तिसरा आपल्या हातातला. बटण दाबलं की हवेच्या दाबाने किंवा विजेवर लॉक लागतं. २०२२ मध्ये भारतात आलेल्या टोयोटा हायलक्स पिकअपला मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. आपल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला तर पुढे-मागे दोन्हीकडे!

बोल्ट आवळला की झालं?

छे! आधी साइड शाफ्ट बाहेर, मग हाउसिंग उघडायचं. जुन्या डिफरेन्शियलवरचा क्राऊन काढून नव्या लॉकरवर बसवायचा. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये केसभर मोकळीक लागते. ती पातळ शिम घालून, डायल गेजवर मोजून साधायची. चुकली तर गाडी आधी घूं-घूं करते आणि नंतर दात खाते. हवेवर चालणारा लॉकर असेल तर कॉम्प्रेसर, हवेची नळी आणि हाउसिंगला एक भोकही आलं.

शिवाय लॉकर 'वन साइज फिट्स ऑल' नसतो. ॲक्सल कोणता, शाफ्टला खाचा किती, क्राऊनचा रेशो काय, सगळं जुळावं लागतं. सामान आणि मजुरी धरून आम्हाला मिळालेलं कोटेशन लाखाच्या पुढे गेलं. दादा क्षणभर गप्पच झाला.

कायद्याचा ब्रेक

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घालतं. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. पिकअप ही मालवाहू गाडी. तिला ठरावीक मुदतीने फिटनेससाठी न्यावंच लागतं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बदलावर बोट ठेवलं तर? म्हणून गॅरेजवाल्याच्या 'काही होत नाही'वर विसंबू नका.

हे लक्षात ठेवा

• आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा.
• लॉक चिखलात शिरण्याआधी लावा. चाक जोरात फिरत असताना बटण दाबलं तर दात किंवा शाफ्ट तुटू शकतो.
• डांबरी रस्त्यावर येताच काढा. नाहीतर गाडी वळायला कुरकुर करते आणि टायर झिजतात.
• आडव्या उतारावर जपून. दोन्ही चाकं एकदम सुटली तर मागची बाजू खाली घसरते.
• लॉक पकड तयार करत नाही, आहे ती वापरतं. दोन्ही चाकं गाऱ्यात असतील तर लाखाचा लॉकरही हात टेकतो.

शेवटचा मुद्दा ऐकल्यावर दादाने स्वतःच हिशेब मांडला. आमच्या पांदणीवर बऱ्याचदा दोन्ही चाकं एकदमच फसतात. मग यंदा मागे खोल खाचांचे टायर, रिकामं जाताना हौद्यात थोडं वजन, आणि चाकाखाली टाकायला तुराट्या-पऱ्हाट्यांचा भारा. पुढची गाडी घेताना मात्र लॉक कंपनीतूनच बसून आलेलं बघायचं, म्हणजे वॉरंटी, विमा, फिटनेस, सगळं सरळ. उरलेले पैसे पेरणीला.

आणि हो, रस्त्याचं काय? राज्य सरकारने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली होती. आमच्या पांदणीवर अजून गिट्टी पडलेली नाही. म्हणून आता दादा शेजारच्या शेतकऱ्यांच्या सह्या गोळा करतोय. लॉकर एकट्याची गाडी काढेल, रस्ता झाला तर सगळ्यांच्याच निघतील. तोवर कॉफी मशिनपाशी कुणी 'डिफ लॉक'च्या बढाया मारू लागलं, तर त्याला फक्त एवढंच विचारा, "मागे सोयाबीनची किती पोती होती रे?"