काळ्या मातीतला पळस

परभणी जिल्हा हा प्रामुख्याने गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा शेतीप्रदेश असून, उत्तरेकडील जिंतूरचे आणि दक्षिणेकडील गंगाखेडचे डोंगर सोडले, तर तेथे जंगल म्हणावे असे फारसे उरलेले नाही. बांधावर, गायरानात आणि नाल्याकाठी जे थोडे रानवृक्ष तगून राहिले त्यांत पळस हा ठळक होय; कारण पावसाळ्यात पाणी धरणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन त्याला चालते, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि तोडला तरी मुळांतून त्याला पुन्हा फुटवे येतात.

वनस्पतिशास्त्रात ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ या नावाने ओळखला जाणारा हा वृक्ष हरभरा-तुरीच्याच, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या, कुळातील असला, तरी त्याच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते. माघ-फाल्गुनात पाने गळून गेल्यावर तो केशरी फुलांनी भरतो. ही फुले उकळून काढलेला पिवळा-केशरी रंग रंगपंचमीला वापरला जाई. तो कापडावर पक्का बसत नाही, हा रंगाऱ्याच्या दृष्टीने दोष असला, तरी रंग खेळणाऱ्यांच्या दृष्टीने गुणच म्हटला पाहिजे. खोडातून पाझरणारा लाल डिंक तुरट, म्हणजे स्राव आटवणारा, असल्याने अतिसारावर दिला जाई, तर ‘पळसपापडी’ या नावाने विकले जाणारे बी जंतावरचे जुने औषध आहे. मात्र ते जहाल असल्याने वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. मुंजीतील बटूचा दंड आणि होमातील समिधा यांसाठीही पळसाचे लाकूड मानाचे मानले जाते.

तथापि या झाडाचा खरा लोकव्यवहार पानांशी आहे. म्हणीमुळे सर्वतोमुखी झालेली त्याची तीन पाने ही वस्तुतः एकाच संयुक्त पानाची तीन दले असून, ती रुंद, जाड व चिवट असल्यामुळे काडीने टाचून त्यांची पत्रावळ आणि द्रोण करता येतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत, म्हणजे जुवाने घासलेले बैलाचे खांदे हळद व तूप लावून चोळण्याच्या विधीत, हेच पान हाती घेतले जाते. लग्नाच्या पंगतीतून मात्र थर्मोकोल व प्लॅस्टिकच्या ताटांनी पत्रावळीला हुसकावले, आणि महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये अशा ताटांवर बंदी घातल्यानंतरही ती जागा बहुतांशी कागदी ताटांनीच घेतली, ज्यांतील अनेकांना आतून प्लॅस्टिकचाच पातळ थर असतो. पळसाची पत्रावळ जेवणानंतर गुरांच्या शेणाबरोबर उकिरड्यात कुजून खत होते, ही सोय या ताटांत नाही. म्हणून बांध रुंद करताना पळस मुळासकट उपटण्यापूर्वी शेतकऱ्यांनी निदान पानांपुरती काही झाडे राखावीत.