ओढ कुठे गेली?

सोलापूर हे चादरी-टॉवेलांचे गाव; सुताचे तंतू घराघरांत. ऐन दिवाळीत आमच्या व्हॅक्यूम क्लीनरची ओढ गेली, आवाज मात्र चढला. (1901 साली लंडनात बूथसाहेबाने काढलेले यंत्र घोडागाडीवरून दारात येई, नळ्या खिडकीतून आत!) ‘मोटर जळाली,’ मी मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल अशा आत्मविश्वासाने म्हणालो.

शेजारचे अण्णा मागावर काम करणारे. “सर, वाट तुंबली. मोटरीला हवा रेटायचं काम उरलं नाही, म्हणून मोकाट पळतीय.”

पिशवी रिकामी केली, गाळणी झटकली; व्यर्थ. मग त्यांनी नळी सोडवून आत गोटी टाकली. ती अडकली! काठीने रेटताच तंतूंचा बोळा पडला, आणि त्यात सौभाग्यवतींची हरवलेली कुडी.

त्या कुडीपायी कामवाल्या बाईंना आम्ही नको ते बोललो होतो. यंत्र पुन्हा ओढू लागले. मी चपला घालून त्यांच्या घराकडे निघालो.