मोठं चाक की लहान चाक?

बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला, गाड्यांपासून लांब उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नुसती चाकं बघा. वर कोण बसलंय, गाडीला रंग कुठला, हॉर्न कसा वाजतो, इकडे लक्षच द्यायचं नाही. फक्त चाकं!

आमचं करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं मोठं गाव, पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचं. इथं ही गंमत फार छान जमते. सायकलचं चाक उंच पण अंगानं बारीक. स्कूटरचं चाक बुटकं. उसाच्या टायरगाडीचं चाक मध्यम. आणि ट्रॅक्टर? त्याची मागची चाकं तुमच्याएवढी उंच, तर पुढची तुमच्या कमरेएवढीच.

चाकांचे मापं असे वेगवेगळे का बरं? आमच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तर एकानं चटकन उत्तर दिलं, “गुरुजी, मोठं चाक म्हणजे जास्त ताकद!” पुष्कळ मोठ्या माणसांनाही असंच वाटतं. पण हे खरं असतं, तर प्रत्येक शेतकऱ्यानं मोठ्यात मोठे टायर घातले असते. तसं होत नाही. काही कामांसाठी शेतकरी मुद्दाम लहान टायरांचा ट्रॅक्टर निवडतो. का, ते आज पाहू.

टायरवरचे आकडे

उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या टायरवर नीट बघा. बाजूला आकडे दिसतील. मागच्या टायरवर ‘१३.६-२८’ असं असेल, तर त्यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा आकडा लोखंडी रिमच्या व्यासाचा. दोन्ही मापं इंचांत. म्हणजे हा टायर सुमारे १३.६ इंच रुंद, आणि तो २८ इंच व्यासाच्या रिमवर बसतो.

पुढच्या चाकावर बहुधा ‘६.००-१६’ दिसेल. गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जगभर धावलेल्या जीपला याच मापाचे टायर होते. पुढे १९४७ पासून महिंद्र कंपनीनं मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि ती खेड्यापाड्यांत ओळखीची झाली. माप एकच, पण नक्षी वेगळी बरं का! ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर गोल फिरलेल्या कडा असतात. त्या मातीत रुततात आणि वळताना ट्रॅक्टर बाजूला सरकू देत नाहीत. मागच्या टायरवर तिरके, जाड उंचवटे असतात. ते मातीला पकडून ट्रॅक्टर पुढे ढकलतात. पुढच्या चाकाचं मुख्य काम दिशा देणं, मागच्याचं ओढणं. काम वेगळं, म्हणून माप वेगळं.

रबर कधी आलं?

हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ साली मांडली, पण ती मागे पडली. मग १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले. ते मात्र जगभर पसरले. ट्रॅक्टरला रबर मिळायला आणखी बराच काळ गेला. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाकं असत आणि त्यांना दातेरी खिळे. अमेरिकेत १९३२ च्या सुमारास कमी हवेचे रबरी टायर ट्रॅक्टरला बसवले गेले आणि लोखंडी चाकांचे दिवस संपत आले.

आपल्याकडची जुनी बैलगाडी आठवा. मधे तुंबा, त्यातून निघालेले लाकडी आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. चाक चांगलं उंच, जवळजवळ माणसाच्या खांद्याला लागेल एवढं. पावसाळ्यातल्या काळ्या चिखलातून, खोल चाकोरीतून बाहेर पडायला उंच चाकच लागायचं. लहान चाक खड्ड्यात पडलं की अडकतं. मोठं चाक त्याच खड्ड्यावरून सहज पुढे जातं.

पण रबरी टायर आले आणि बैलगाडीचं चाक बुटकं झालं! हवेचा रुंद टायर मातीत कमी रुततो, आत बेअरिंग असल्यानं हलका फिरतो. त्यामुळे उंची कमी होऊनही गाडी ओढायला सोपी झाली. साखर कारखान्याकडे ऊस नेणारी टायरगाडी ती हीच. मात्र गाडी हलकी चालते म्हणून माणसानं त्यावर ऊसही वाढवला. चढावर त्याचा भार शेवटी बैलांच्याच मानेवर आला. चाक सुधारलं, तरी ओझं किती लादायचं हे माणसालाच ठरवावं लागतं.

आता थोडं गणित

वही-पेन्सिल घ्या. समजा, एका गाडीच्या टायरचा व्यास ३५ इंच आहे आणि दुसऱ्याचा २८ इंच. परीघ काढायला व्यासाला २२/७ नं गुणायचं. मोठ्याचा परीघ ११० इंच, लहानाचा ८८ इंच. म्हणजे एका फेऱ्यात मोठा टायर ११० इंच पुढे जातो, लहान टायर ८८ इंच.

आता ४४० फूट लांबीचा बांध घ्या. त्याचे झाले ५२८० इंच. मोठ्या टायरला ४८ फेरे पुरतील, लहानाला ६० लागतील. इंजिन तेवढ्याच जोरात फिरत असेल, तर लहान टायरची गाडी हळू चालणार. वेग रुपयातले वीस पैसे कमी!

मग फायदा काय? गिअरच्या सायकलवर चढ आला की आपण हलका गिअर टाकतो. पायडल जास्त वेळा मारावं लागतं, पण चढ चढता येतो. लहान टायरचं तसंच. एका फेऱ्यात अंतर कमी कापायचं, म्हणून त्याच फेऱ्यातली ओढ वाढते. आपल्या उदाहरणात ओढ सव्वापट होते. ३५ ला २८ नं भागून बघा.

पण थांबा. ही ओढ कामाला कधी येईल? टायरनं जमीन पकडली तरच. भुसभुशीत किंवा ओल्या काळ्या रानात लहान टायरचा जमिनीवर टेकणारा भाग कमी पडतो. मग चाक जागेवर गरगर फिरतं आणि स्वतःसाठीच खड्डा खणतं. अशा ठिकाणी मोठा, रुंद टायरच हवा.

आणखी दोन गोष्टी बदलतात. गाडीचं पोट जमिनीच्या जवळ येतं. व्यासात ७ इंचांचा फरक, तर उंची निम्म्यानं, म्हणजे साडेतीन इंचांनी कमी होते. बांधावरचा दगड आधी पोटाला लागत नव्हता, तो आता लागेल. आणि जीपसारख्या गाडीचा वेग दाखवणारा काटा खोटं बोलू लागतो! तो बिचारा चाकाचे फेरे मोजतो. टायर लहान झाल्याचं त्याला कुठं माहीत? तो ताशी ५० किलोमीटर दाखवेल, तेव्हा गाडी खरी ४० नं चाललेली असेल.

बागेतला बुटका ट्रॅक्टर

मग लहान टायर हवा कुठं? आमच्याच पंढरपूर तालुक्यातल्या द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांत चला. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्यावर या भागात ऊस आणि फळबागा वाढल्या. द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये साधारण आठ ते दहा फूट जागा असते. वर तारांचा मांडव, त्यावर पसरलेल्या वेली आणि खाली लोंबणारे घड. फवारणीचा ब्लोअर घेऊन ट्रॅक्टरला एका हंगामात कितीतरी वेळा याच ओळींतून जावं लागतं.

मोठा ट्रॅक्टर इथं घातला तर? चालकाचं डोकं मांडवाला लागेल, रुंद टायर वेलीच्या बुडाशी जातील, कोवळ्या फांद्या मोडतील. म्हणून बागायतदार १५ ते २५ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घेतात. त्यातल्या काहींच्या मागच्या टायरचं माप ८.००-१८ असतं. १३.६ इंचांच्या जागी ८ इंच रुंदी! दोन्ही बाजू मिळून ११ इंचांहून जास्त जागा वाचली. अरुंद वाटेत ११ इंच म्हणजे पुष्कळ झाले.

पण हाच ट्रॅक्टर उसाच्या जड रानात नांगरटीला नेला, तर तो दमेल. त्यात ट्रॅक्टरचा दोष नाही. काम चुकीचं दिलं, एवढंच.

जमीन काय म्हणते?

टायर निवडताना एकाला कुणी विचारत नाही, ती म्हणजे जमीन. तिचं म्हणणं कळण्यासाठी हा प्रयोग करा. एका घमेल्यात ओली वाळू सपाट पसरा. त्यावर वीट आडवी ठेवा. मग तीच वीट दुसरीकडे उभी ठेवा. ९ × ४ × ३ इंचांची वीट आडवी ठेवली तर ३६ चौरस इंचांवर टेकते, उभी ठेवली तर १२ चौरस इंचांवर. वजन तेच, पण दाब तिप्पट! उभी वीट जास्त रुतलेली दिसेल.

टायरचंही असंच आहे. टायरमध्ये जेवढ्या दाबाची हवा, साधारण तेवढाच दाब तो जमिनीवर देतो. मागच्या एका चाकावर ६५० किलो भार आला आणि हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला एक किलो, म्हणजे आपल्या भाषेत चौदा पौंड असला, तर टायर सुमारे ६५० चौरस सेंटीमीटर जागेवर टेकेल. लहान टायरला तेवढाच भार पेलायला जास्त हवा लागते. मग टेकणारी जागा कमी होते आणि मातीवरचा दाब वाढतो.

ओल्या रानात असा दाब वारंवार पडला की मातीचे कण एकमेकांवर दडपले जातात. त्यांच्यामधली हवेची जागा संपते. पाणी खाली झिरपत नाही, मुळांना वाट मिळत नाही. बागेत चाकं दरवेळी त्याच वाटेनं जातात, म्हणून तिथं कडक पट्टा तयार होतो. यावर सोपा उपाय म्हणजे पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडल्यावर वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर आत न घालणं. आजोबा सांगतात ना, “वाफसा आल्याशिवाय रानात पाय घालू नको”? त्यामागचं शास्त्र हेच.

मनाला येईल तसा बदल नको

टायर झिजले की नवे घ्यायची वेळ येते. तेव्हा “स्वस्तात मिळतोय, थोडा लहान आहे, चालेल” असं कुणी म्हणालं, तर तुम्ही घरात चार प्रश्न विचारा. हा टायर आपल्या रिमवर बसतो का? आपल्या ओझ्याला पुरेल का? ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत हे माप दिलंय का? आणि ट्रॅक्टर चारही चाकांनी ओढणारा आहे का?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. अशा ट्रॅक्टरमध्ये पुढची लहान आणि मागची मोठी चाकं जवळजवळ सारखंच अंतर कापतील, असा दात्यांचा हिशेब आत बसवलेला असतो. एकाच जोडीचं माप बदललं की हिशेब बिघडतो. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडू लागतात. टायर लवकर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. स्वस्त टायर असा महागात पडतो.

एक गोष्ट तुमच्यासाठीही. टायर लहान असो वा मोठा, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जायचं नाही. शेतात एका गचक्यात माणूस खाली पडतो, आणि खाली मागचं चाक असतं. ट्रॅक्टरवर चालकाची एकच जागा. बाबा, काका कितीही प्रेमानं म्हणाले, “बस रे वर,” तरी नाही म्हणा. पालकांनीही हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

करून पाहा

घरातल्या सायकलच्या टायरवर खडूनं एक खूण करा. खूण जमिनीला टेकली की तिथं रेघ ओढा. सायकल हातानं सरळ पुढे न्या. खूण पुन्हा टेकली की दुसरी रेघ ओढा. दोन रेघांमधलं अंतर मोजा आणि त्याला २२/७ नं भागा. चाकाचा व्यास मिळेल. मग तुमच्या घरापासून शाळेपर्यंत चाकाचे किती फेरे होतात ते मोजा आणि अंतर काढा. लहान भावंडाच्या सायकलला त्याच वाटेवर किती फेरे लागतील, ते आधी गणितानं सांगा, मग मोजून पडताळा.