चावा, साबण आणि 15 मिनिटे

सेनगाव-कळमनुरीकडे आखाड्यावर कुत्रं चावलं, की जखमेवर हळद, चुना नाहीतर तिखट भरायची जुनी सवय आहे. ती सोडाच, त्याने जखम चिघळते आणि मोलाचा वेळ जातो. त्याऐवजी बोअरच्या वाहत्या धारेखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटे जखम धुवा. कपड्यांचा साबणही चालेल. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते, साबण ते फोडतो. उरलेला विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. लस द्यायला आपल्याला मिळते ती एवढीच सवड. चेहऱ्यावरचा चावा मेंदूच्या जवळ, म्हणून जास्त घातक. लेकरं तर मार बसेल या भीतीने ओरखडाही लपवतात! त्यांना रागावू नका, विचारा.

लक्षणे दिसली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून, त्वचेत द्यायच्या लशीचे डोस 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी असतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. पोटातली 14 इंजेक्शने केव्हाच इतिहासजमा झाली.